आमचा ससा आंबा मागतो: द्यावा की नाही?

गुलबक्षी | १४ मे, दुपारी ३:१०

आमच्याकडे एक सशीण आहे. नाव बुंदी, वय दोनेक वर्षं, वजन दोन किलो. डोंबिवलीत फ्लॅटमध्ये राहतो. ती दिवसा हॉलभर मोकळी असते, रात्री पिंजऱ्यात. वाळलेलं गवत, थोडे पेलेट्स (सशाचं तयार दाणेदार खाद्य) आणि संध्याकाळी कोथिंबीर-पुदिना असं खाणं. इथपर्यंत घरात सगळ्यांचं एकमत आहे.

भांडण आंब्यावरून आहे. माझे सासरे जेवणानंतर हापूस चिरायला बसले की ही बाई सोफ्याखालून निघते, मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि त्यांच्या लेंग्याला नाक लावते. मग बाबा एक फोड देतात. ती संपली की दुसरी. आंब्याचा मोसम नसतो तेव्हा केळं. "मुका जीव आहे, त्याचं मन मारू नये" हे त्यांचं म्हणणं. मी काही बोलले की "तुमचं नेटवरचं ज्ञान" असा शेरा.

नेटवर तर काहीच धड कळत नाही. एक म्हणतो फळ म्हणजे विष, दुसरा म्हणतो रोज द्या. शिवाय सगळी चर्चा ब्लूबेरी आणि रास्पबेरीची. आमच्या बाजारात पेरू, चिकू, जांभळं, बोरं मिळतात, त्यांचं काय?

तर कोणती फळं, किती आणि किती वेळा? आणि घरातल्या मोठ्यांना हे कसं सांगायचं? (खरा प्रश्न हाच आहे.)

मुगाची_उसळ | १४ मे, दुपारी ३:२२

आमरस आणि बुंदी एकाच ताटात? लग्नाची तारीख कळवा, येतो. गंमत केली, हलकेच घ्या.

चिंचोका | १४ मे, दुपारी ४:०५

एवढं घाबरू नका हो. आमचा ढोल्या नऊ वर्षं जगला. रोज सकाळी माझ्या सफरचंदातली एक पातळ चकती त्याची ठरलेली होती. कधी डॉक्टरकडे न्यावं लागलं नाही. प्राण्याला आपल्या पोटाचं कळतं, नको असेल तर तो तोंड फिरवतो.

डॉ_वैरण | १४ मे, रात्री ९:४८

पशुवैद्य आहे. रोजचं काम गाई-म्हशींचं, पण अलीकडे ससेही बरेच येतात. थोडं सविस्तर लिहितो.

चिंचोका, ढोल्याच्या पातळ चकतीबद्दल माझी तक्रार नाही. पण "प्राण्याला कळतं" हे सशाच्या बाबतीत खरं नाही. रानात त्याला वर्षभर गवत आणि पाला मिळतो, गोड फळ क्वचित. त्यामुळे गोड दिसलं की मिळेल तेवढं खाऊन घ्यायचं, एवढंच त्याला कळतं. केळं नको म्हणून तोंड फिरवणारा ससा माझ्याकडे आला तर मी आधी त्याचं पोट आणि दात तपासतो.

ससा रवंथ करत नाही. गवतातला चोथा पचवायची त्याची सोय पोटाच्या मागच्या टोकाला, सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत असते. पचनमार्गाची जवळजवळ निम्मी जागा ही एकटी पिशवी व्यापते. तिथले जंतू चोथा आंबवतात. त्यातून पहाटेच्या सुमारास तुतीच्या फळासारखा मऊ, चकचकीत घोस बाहेर पडतो आणि ससा तो थेट तोंडाने उचलून खातो. त्यात प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात. आपल्याला दिसतात त्या कोरड्या, गोल लेंड्या वेगळ्या. हा घोस सहसा दिसतच नाही, कारण तो जमिनीला लागतच नाही.

साखर जास्त गेली की या पिशवीतली जंतूंची घडी विस्कटते. गॅस धरतो, नको ते जंतू माजतात. घोस पातळ होतो, ससा तो खात नाही आणि शेपटीखाली चिकटून राहतो. पावसाळ्यात त्यावर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होतात. मी हे पाहिलेलं आहे. वर्णन करत नाही, कोणी जेवत असेल.

दुसरं नुकसान उशिरा दिसतं. गोडावर पोट भरलं की गवत कमी खाल्लं जातं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत तासन्‌तास चावूनच दाढा झिजतात. नाही झिजल्या की त्यांना टोकं येतात, ती जिभेला-गालाला टोचतात, मग खाणं बंद. खाणं बंद झालं की आतडं मंदावतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं वरून परत येण्याची सोय नाही.

म्हणून प्रमाण: वजनाच्या किलोमागे चहाचा एक चमचा. अमेरिकेतली हाउस रॅबिट सोसायटी दोन पौंडांमागे एक चमचा सांगते, म्हणजे तेच झालं. ही दिवसाची कमाल मर्यादा आहे, रोज गाठायची नाही. मी आठवड्यातून दोन-तीनदाच द्या म्हणतो. बुंदीला एका वेळी दोन चमचे फळ, बस. गाजरही याच चमच्यात मोजायचं. तीन महिन्यांखालच्या पिल्लाला फळ देऊच नका.

त्रैराशिक | १४ मे, रात्री १०:१५

बुंदी दोन किलो. बाबा साठ किलो धरू. सोललेलं केळं शंभर ग्रॅम. बुंदीने अर्धं केळं खाल्लं म्हणजे बाबांनी एका बैठकीत पंधरा केळी खाल्ली. हे त्यांना कागदावर लिहून दाखवा.

मुगाची_उसळ | १४ मे, रात्री १०:१९

आमच्या आजोबांनी खाल्ली असती आणि वर विचारलं असतं, जेवायला काय आहे?

पाटलाचा_मळा | १५ मे, सकाळी ७:३०

डॉक्टरांचा मान राखून लिहितो, पण शहरात जरा अतीच चाललंय. आमच्या चुलत्यांनी गावाकडं ससेपालन केलं होतं. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला अशा जातींचे, पिंजरेच्या पिंजरे. खायला लसूणघास, कोबीचा पाला, बागेतले पडके पेरू. कुणी चमच्यानं मोजत नव्हतं. पेरू खाऊन मेलेला एकही ससा मला आठवत नाही.

त्रैराशिक | १५ मे, सकाळी ८:०२

विकायचे केव्हा?

पाटलाचा_मळा | १५ मे, सकाळी ८:२०

तीन-चार महिन्यांचे झाले की.

त्रैराशिक | १५ मे, सकाळी ८:२१

आलं उत्तर. बुंदीला आठ-दहा वर्षं काढायची आहेत. दात वाढायला, चरबी साठायला तुमच्या सशांना वेळच मिळाला नाही.

पाटलाचा_मळा | १५ मे, दुपारी १:४०

बरं, हे मान्य. पण एक राहतंय. आमच्या सशांपुढं दिवसरात्र हिरवं-वाळलं गवत असायचं, हवं तेवढं. पेरू वरचेवर मिळाला तरी पोटात गवत भरलेलं असायचं. शहरात तुम्ही परदेशी गवताचं पाकीट आणता, ते महाग, म्हणून मूठभर टाकता आणि उरलेलं पोट बिस्किटं-केळ्यांनी भरता. फळाला कशाला नावं ठेवायची? आधी गवताचं बघा.

गवत आपल्याकडं काय कमी आहे? हरळी कापायची, धुवायची, सावलीत वाळवायची. भर उन्हात वाळवली तर वास आणि रंग जातो, मग ससा तोंड लावत नाही. बुरशीचा वास आला तर सरळ उकिरड्यावर टाका. रस्त्याकडंचं आणि तणनाशक मारलेलं गवत आणू नका. ज्वारीचे कोवळे पोंगे तर मुळीच नको, त्यानं गाय-बैलसुद्धा दगावतात.

डॉ_वैरण | १५ मे, रात्री ९:१०

पाटील, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. आहारात ऐंशी-पंच्याऐंशी टक्के गवत असेल तर फळाच्या एका फोडीने सहसा काही बिघडत नाही.

लसूणघासाबद्दल फक्त एक. सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि व्यायलेल्या मादीला तो उत्तम. मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. आपलं शरीर गरजेपुरतंच कॅल्शियम घेतं, ससा मात्र मिळेल तेवढं शोषतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो. लघवी पांढरट, खडूच्या पाण्यासारखी घट्ट दिसायला लागली तर लसूणघास बंद करा आणि पाणी वाढवा. पाणी नळीच्या बाटलीपेक्षा जड वाडग्यात ठेवलं तर ससे जास्त पितात.

करवंदीची_जाळी | १६ मे, सकाळी १०:३५

गुलबक्षी, आपल्या फळांबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. आम्ही मूळचे रत्नागिरीचे, सध्या पनवेल. माझ्याकडे दोन ससे आहेत, दोघेही खादाड.

पेरू पहिल्या नंबरावर. कडक, अर्धवट पिकलेला. कचाकचा चावायला लागतो, म्हणून पटकन संपत नाही. पेरूचा पालाही आवडीने खातात. पिकून पिवळा झालेला पेरू मात्र मी आमच्यासाठीच ठेवते.

पपई थोडी, बिया काढून. जांभूळ एखादं, बी काढून, आणि नंतर जांभळं तोंड घेऊन पांढऱ्या चादरीवर येऊ द्यायचं नाही. बोर द्यायचं तर आठळी काढून नुसता गर. चिकू मी देत नाही, साखरेचा गोळा आहे तो, आणि त्याची टोकदार बी घशात अडकायची भीती. फणसाच्या गऱ्याचंही तेच. गऱ्याचा वास आला की दोघे वेडे होतात, म्हणून फणस फोडायचा तो खोलीचं दार लावून.

कलिंगडाचा लाल गर नाममात्र. साल आणि पांढरा भाग आवडीने खातात आणि त्यात साखरही कमी. फक्त साल चांगली धुऊन घ्यायची. स्ट्रॉबेरी आणली तर फळ आपल्याला आणि वरचा हिरवा देठ त्यांना.

द्राक्षं भिजत घालून, चोळून धुवायची आणि एकच द्यायचं, अर्धं करून.

त्रैराशिक | १६ मे, सकाळी ११:०५

आकडे हवे असतील तर, शंभर ग्रॅम फळात साखर साधारण अशी: स्ट्रॉबेरी ५ ग्रॅम, कलिंगड ६, पपई ८, पेरू ९, सफरचंद १०, केळं १२, आंबा १४, द्राक्षं १५-१६. मनुका आणि खजूर ६० च्या आसपास. गाजर ५ च्या जवळ. म्हणजे ससा आणि गाजर हे जे चित्र लहानपणापासून बघतोय, त्यात सशाने स्ट्रॉबेरीएवढंच गोड खाल्लेलं आहे.

डॉ_वैरण | १६ मे, दुपारी २:००

गाजराचा पाला मात्र बेलाशक द्या. भाजीवाले तो तोडून टाकतात, मागितला तर फुकट मिळतो. मुळ्याचा पालाही.

मनुक्यावरून आठवलं. दिवाळीनंतर एक कुटुंब ससा घेऊन आलं. "आवडतात म्हणून" चिवड्यातले मनुके वेचून देत होते. दोन दिवस झाले, खात नाही. लेंड्याही बंद. आधी लहान झाल्या होत्या, मग एकमेकींना केसांनी जोडल्यासारख्या, मग बंद. कोणी पाहिलं नाही, कारण पिंजऱ्याखालचा कागद कामवाल्या बाई बदलायच्या. वाचला तो, पण बरेच दिवस सिरिंजने भरवावं लागलं. दहा-बारा तास सशाने काही खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही तर "उद्या बघू" म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अननसाची_फोड | १६ मे, सायंकाळी ६:२५

पोटात केस अडकल्यावर अननसाचा रस पाजतात ना? आम्हाला दुकानदाराने सांगितलं होतं. पपईच्या गोळ्याही मिळतात.

डॉ_वैरण | १६ मे, रात्री ९:३०

हा सल्ला जुना आहे आणि सगळीकडे ऐकू येतो. अननसात ब्रोमेलेन असतं, पपईत पपेन. दोन्ही प्रथिनं तोडतात हे खरं, म्हणून मटणाला पपई लावतात. पण केस केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाचा असतो, तो यांना दाद देत नाही. शिवाय केस हे सहसा मूळ कारण नसतं. अंग चाटताना थोडे केस पोटात जाणारच आणि ते गवताबरोबर बाहेरही पडतात. आतडं मंदावतं तेव्हा ते तिथेच साचतात आणि आपण केसांना दोष देतो. अशा सशाला गोड रस पाजणं म्हणजे बिघडलेल्या पोटात आणखी साखर ओतणं. गवत, पाणी, हालचाल आणि केस गळायच्या दिवसांत रोज विंचरणं, एवढं पुरे.

चिंचोका | १६ मे, रात्री ९:५२

मटणाला पपई आणि ससा एकाच परिच्छेदात! डॉक्टर, संवेदनशील वाचक आहेत इथे.

निशिगंध_लीड्स | १७ मे, पहाटे ३:१५

इंग्लंडहून लिहितेय. इथे ससा पाळणारे पुष्कळ, आणि ससे नियमित बघणारा डॉक्टर मिळणं भारतापेक्षा सोपं आहे. आमच्याकडे दोन लोंबत्या कानांचे आहेत. दोन मुद्दे अजून आले नाहीत म्हणून लिहिते.

पहिला: फळाचा सगळ्यात मोठा उपयोग मला दुखणं ओळखायला होतो. ससा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे तो दुखणं लपवतो. सकाळी मी नखाएवढा केळ्याचा तुकडा हातावर धरते. एरवी दोघे धावत येतात. एक जण आला नाही, किंवा आला आणि नुसतं हुंगून परत गेला, तर मी ऑफिसला फोन करते की उशीर होईल. फळ भरपूर दिलं की ही खूण हातची जाते, कारण मग न येण्याचं कारण पोट भरलंय की दुखतंय ते कळत नाही.

दुसरा: औषध. कडू औषध केळ्यात कुस्करून दिलं की पुसून खातात. पिंजऱ्यात परत बोलावणं, नखं कापणं, वजनकाट्यावर बसवणं, सगळं याच तुकड्यावर चालतं. रोज फुकट मिळायला लागलं तर कोण काट्यावर बसेल?

आणि ॲव्होकाडो कोणाच्याही घरी आणत असाल तर सशापासून लांब ठेवा. त्यात पर्सिन असतं, सशांना ते विषारी आहे, पानं-सालीसकट. सफरचंदाच्या बिया काढायच्या, आणि पीच, आलुबुखार, चेरी यांच्या आठळ्याही.

ब्रिस्बेनचा_बंड्या | १७ मे, सकाळी ६:४०

तुम्ही फळांवरून भांडताय. आमच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात ससा पाळणं हाच गुन्हा आहे, जबर दंड होतो. १८५९ मध्ये व्हिक्टोरियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेने दोन डझन ससे सोडले, त्यांनी पुढे अख्खा खंड कुरतडला. इथे परवानगी फक्त जादूगार, सर्कसवाले आणि संशोधन करणाऱ्यांना. लेकीला ससा हवाय म्हणून मी टोपीची चौकशी करतोय.

मुगाची_उसळ | १७ मे, सकाळी ७:०१

हसून हसून पुरेवाट. टोपीतून सशाऐवजी दंडाची पावती निघेल.

माळरान | १७ मे, दुपारी १२:१०

थोडं अवांतर. आमच्या शेतात काढणीच्या वेळी सशाची पिल्लं सापडतात. एक आणलंय, त्याला केळं चालेल का?

पाटलाचा_मळा | १७ मे, दुपारी १२:३५

माळरान भाऊ, जिथून आणलं तिथंच नेऊन ठेवा, आजच. तो रानससा, वेगळा प्राणी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं तो पाळता येत नाही. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे टाकून दिलेलं असतं असं नाही. आई दिवसा लांब असते आणि तिन्हीसांजेला येऊन पाजते.

डॉ_वैरण | १७ मे, दुपारी १:१५

पाटलांना अनुमोदन. ओळखायलाही सोपं: रानसशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेलं, पाळीव सशाचं पिल्लू उघडंबोडकं आणि डोळे मिटलेलं. केळं अजिबात नको, गाईचं दूधही नको. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाला कळवा.

माळरान | १७ मे, रात्री ८:०५

ठेवून आलो. बांधाच्या आडोशाला.

पेन्शनीत | १८ मे, सकाळी ५:५०

मी सासऱ्यांच्या बाजूने लिहितो. धाग्यावर त्यांची बाजू मांडायला कोणी नाही.

गुलबक्षीताई, तुमच्या घरात दुपारी कोण असतं? तुम्ही ऑफिसात, मुलं शाळेत, बाबा आणि बुंदी घरी. माझंही तसंच आहे, फक्त आमच्याकडे सशाऐवजी मांजर. दिवसभरात आपणहून माझ्याजवळ येऊन काही मागणारा घरातला तो एकच जीव. त्याला नाही म्हणायचं आणि मग टीव्ही बघायचा? तुम्ही "देऊ नका" म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं ते हे. पंधरा केळ्यांचा हिशेब अगदी बरोबर आहे, पण हिशेबाने माणूस गप्प होतो, पटत नाही. मी शाळेत गणितच शिकवायचो, म्हणून सांगतो.

देण्याचं काम त्यांच्याकडेच राहू द्या. ताटली त्यांची, वेळ त्यांची, वस्तू बदला. बुंदी आंब्यासाठी येते असं तुम्हाला वाटतं. ती सुरीच्या आवाजाला येते. त्या आवाजानंतर आंब्याऐवजी जास्वंदीचं फूल मिळालं तर चालेल का, हे डॉक्टरांनी सांगावं.

डॉ_वैरण | १८ मे, सकाळी ८:४०

चालेल, उत्तम चालेल. जास्वंदीचं फूल आणि पान दोन्ही. तुळशीच्या दोन डहाळ्या, शेपू, कोथिंबिरीच्या काड्या. कोथिंबीर बहुतेक सशांना आवडते. पालक फार वेळा नको. कोबी-फ्लॉवर देणार असाल तर थोडं देऊन लेंड्यांवर लक्ष ठेवा. नवीन काहीही एका वेळी एकच.

करवंदीची_जाळी | १८ मे, सकाळी ९:२०

पेन्शनीत काका, तुमचा प्रतिसाद मी आमच्या आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बघ, शिक." आता माझ्या घरी भांडण सुरू झालंय.

चिंचोका | १८ मे, सकाळी ९:४५

मी अजूनही म्हणतो, एका चकतीने काही होत नाही.

त्रैराशिक | १८ मे, सकाळी ९:४७

एका चकतीबद्दल कोणीच काही म्हणत नाहीये हो, चिंचोका. दुसऱ्या चकतीबद्दल म्हणतायत.

गुलबक्षी | ९ जून, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार, वाचत होते पण लिहायला जमलं नाही.

बाबांना धागा दाखवला. पंधरा केळ्यांवर ते फक्त "हं" म्हणाले. पेन्शनीत काकांचा प्रतिसाद मात्र चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि विचारलं, "हे गृहस्थ कुठले?"

आता व्यवस्था अशी. गच्चीतल्या जास्वंदीचं फूल बाबा सकाळी देवाला काढतात, त्यातलं एक बुंदीचं. दुपारी कोथिंबिरीच्या काड्या. बुधवारी आणि रविवारी फळ, चमच्याने मोजून, आणि चमचा बाबांच्या ताब्यात. ते कॅलेंडरवर खूण करतात, दुधाच्या हिशेबाशेजारी. पहिले काही दिवस बुंदीने पाय आपटून निषेध केला. आता तिला कोथिंबीरच हवी असते. गवत दुप्पट संपतंय, म्हणून पाटलांनी सांगितलं तसं हरळी वाळवायचा प्रयोग चालू केलाय. डोंबिवलीत स्वच्छ हरळी मिळवणं हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

एक कबूल करते, आंबा पूर्ण बंद झालेला नाही. रविवारचा चमचा जरा शिगोशीग असतो. मी बघत नाही.

डॉ_वैरण | १० जून, सकाळी ८:००

शिगोशीग चालेल. पाऊस सुरू होतोय, शेपटीखालचा भाग रोज बघा.

निशिगंध_लीड्स | १० जून, दुपारी १:२०

वजनही महिन्यातून एकदा करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोठं भांडं ठेवून करता येतं. अंगावर केस एवढे असतात की वाढलेलं किंवा उतरलेलं नुसतं बघून कळत नाही.

गुलबक्षी | १२ सप्टेंबर, सकाळी ११:१५

धागा वर काढतेय. दोन शंका. गणपतीच्या दूर्वा बुंदीला दिल्या तर चालतील का? आणि बाजारात सीताफळं आलीत, बाबांना फार आवडतात. चमच्यात बसवता येतील का?

पाटलाचा_मळा | १२ सप्टेंबर, दुपारी १२:०५

दूर्वा म्हणजे हरळीचेच कोंब, त्यामुळं चालतील. पण निर्माल्यातल्या नको, त्यांना हळद-कुंकू, गुलाल, शेंदूर लागलेला असतो. ताजी जुडी आणा, धुवा आणि पूजेच्या आधीच तिचा वाटा बाजूला काढा. बाप्पा रागावत नाही.

सीताफळ नको. गावाकडं त्याच्या बियांची पूड उवा मारायला वापरतात, यावरून समजा. एका फळात इतक्या बिया की एखादी चुकून जाणारच. आणि गर म्हणजे निव्वळ साखर.

डॉ_वैरण | १२ सप्टेंबर, दुपारी २:३०

अनुमोदन. सीताफळ बाबांनाच.

मुगाची_उसळ | १२ सप्टेंबर, दुपारी २:४१

आणि मोदक?

डॉ_वैरण | १२ सप्टेंबर, दुपारी २:४४

मला पाठवा.

झेंडू_झेंडू | १२ सप्टेंबर, सायंकाळी ५:१०

वाचनखूण साठवली. आमच्याकडे गिनी पिग आहे. हेच सगळं त्यालाही लागू होतं का?

डॉ_वैरण | १२ सप्टेंबर, रात्री ९:००

गवताचं होतं, बाकीचं पूर्ण नाही. गिनी पिगला क जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही, ते रोज खाण्यातून द्यावं लागतं. सशाला तशी गरज नसते. ढोबळी मिरचीपासून सुरुवात करा आणि वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.